चकाकी उतरवणारा

लग्नात, बारशात, बँकेच्या रांगेत, कुठेही कुणी मला ओळखलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. कसोटीत किती विकेट काढल्या हो तुम्ही? मी आकडा सांगतो आणि समोरच्याचा चेहरा पडतो. मग तो माझीच समजूत घालायला लागतो, "चालायचंच, देशासाठी खेळलात हे काय कमी आहे?" हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. कमी आहे. फार कमी आहे. मला देशासाठी खेळायचं नव्हतं असं नाही, पण त्याआधी मला गोलंदाजी करायची होती, आणि तीच मला कुणी करू दिली नाही.

आजच्या पोरांना हे सांगूनही पटत नाही. त्यांनी पाहिलेला वेगवान गोलंदाज म्हणजे संघाचा लाडका जावई. नवा चेंडू त्याच्या हातात, सगळं मैदान त्याच्यासाठी थांबलेलं, आणि प्रत्येक क्षेत्ररक्षक चेंडू हातात आला की पँटवर घासघासून चमकवतोय. आमच्या काळात, म्हणजे साठच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या सुरुवातीला, आमच्या संघात नवा चेंडू हा एक आजार समजला जाई. तो जितक्या लवकर बरा होईल तितकं चांगलं. आमचे सामने जिंकून द्यायचे ते फिरकीवाल्यांनी, आणि फिरकीवाल्याच्या बोटांत कोरा, गुळगुळीत, चकचकीत चेंडू बसत नाही. मग कुणीतरी दोन-तीन षटकं टाकून त्याची चकाकी उतरवायची. तो कुणीतरी म्हणजे मी. बाकीचे मला हातभार लावायचे. मिड-ऑफवरून चेंडू माझ्याकडे यायचा तो हवेतून नव्हे, जमिनीवरून, मुद्दाम सरपटत. कधी कप्तान स्वतः खाली बसून तो मातीत चोळायचा, आमची माय राखेनं तवा घासायची तसा. हे सगळं तेव्हा नियमात बसत होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतही नव्हतं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. आमच्याकडे नव्याला अर्धा तासही मिळत नव्हता.

आणि मी नव्या चेंडूसाठी किती तरसलो होतो ते मलाच ठाऊक. नागपुरात आमची वस्ती मिलच्या मागे. विहाराच्या समोर एक मोकळं मैदान होतं, काळ्या मातीचं, उन्हाळ्यात भेगा पडलेलं. तिथे काथ्याची चटई अंथरून आम्ही खेळायचो. एप्रिल-मे महिन्यात सकाळी आठनंतर त्या मैदानावर कुत्रंही फिरकत नसे, म्हणून मी अंधारातच जाऊन एका यष्टीवर चेंडू टाकत बसायचो. चेंडू जुनाच असायचा, शिवण निघालेला, अंगाचा भुसा झालेला. पुढे मोठ्या क्लबात गेलो, एका सरकारी कचेरीत खेळाच्या जोरावर कारकुनी मिळाली, पण सरावाला चेंडू जुनेच. नवा चेंडू फक्त सामन्याच्या दिवशी. त्याचा तो ताज्या रंगाचा वास, बोटांखाली उभी राहिलेली शिवण, सोडताना मनगट किंचित मागे ठेवलं की हवेत शेवटच्या क्षणी बाहेर जाणारं त्याचं वळण. पहिल्यांदा तसा चेंडू माझ्या हातून गेला तेव्हा मी खेळपट्टीच्या मध्यावर उभा राहून हसत सुटलो होतो.

बाबा मिलमध्ये होते. छपन्न साली दीक्षा घेतल्यापासून त्यांचं सगळं आयुष्य शिस्तीत बसलं होतं. दारू बंद, देवदेव बंद, आणि कामाला दांडी तर कधीच नाही. क्रिकेटचं त्यांना काही कळत नव्हतं. पण मी पहिल्यांदा देशाच्या संघात निवडला गेलो तेव्हा त्यांनी शेजाऱ्याच्या रेडिओसमोर स्टूल टाकून ऐकायला सुरुवात केली. शेजारी त्यांना समजावून सांगायचा. सुरुवातीला माझं नाव यायचं, बाबा ताठ बसायचे. दोन षटकं, फार तर तीन. मग निवेदक सांगायचा की गोलंदाजीत बदल, आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत माझं नाव यायचं ते फक्त सीमारेषेवर चेंडू अडवला म्हणून.

मिलमधली माणसं त्यांना विचारायची, तुमचा पोट्टा दोन ओव्हर टाकून कुठे जाते गा? थट्टाच असायची, पण बाबांना थट्टा कळत नसे. त्यांच्या जगात माणसाला मशीनवरून उठवून बाजूला करत ते त्याच्या हातून काही बिघडलं तरच. पहिल्या काही कसोट्यांनंतर मी घरी आलो तेव्हा जेवता जेवता त्यांनी खाली ताटाकडे बघत विचारलं, "कप्तान तुले दोन ओव्हरमंदीच काढून टाकते काहून गा? काही चुकून राहिलं का तुह्यं?"

मी समजावलं. फिरकी, चकाकी, बोटांची पकड, सगळं. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, चुकत असंन तर सुधारून घे. लोक काय म्हणतात याची मला पर्वा नव्हती. पण माझ्या बापाला मनातून वाटत होतं की त्याच्या पोराला काम येत नाही आणि दरवेळी त्याला हाकलून देतात.

परदेशाच्या एका दौऱ्यावर मला थोडी चव मिळाली. गारठा इतका की आमच्या फिरकीवाल्यांची बोटं वळेनात, आकाश राखाडी, गवत ओलं. कप्तानानं नाइलाजानं मला सकाळचा बराच वेळ चेंडू दिला आणि मी दोन गडी टिपले. त्यातला एक तर उचललेली बॅट खाली आणेपर्यंत त्रिफळाचीत झाला होता. दुपारी पावसानं सामना धुऊन काढला. नागपूरला परतल्यावर कळलं की नेमकी त्या दिवशी बाबांना सकाळपासून रात्रीपर्यंतची जोडपाळी होती, त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. मायनं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, पाऊस पडला म्हणजे खेळ मोडला ना, मग ते काही मोजत नसतील.

मग आमच्याच गावात कसोटी ठरली. थंडीचे दिवस. आता इथे एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. नागपूरचा उन्हाळा सगळ्यांना माहीत असतो, पण इथली हिवाळ्यातली सकाळ फार थोड्यांनी मैदानावर काढलेली असते. दव असं पडतं की बुटांचे ठसे उमटतात, हवा जड असते, आणि पहिला तासभर चेंडू असा वळतो की परदेशी जायची गरज नाही. मी लहानपणापासून त्याच हवेत चेंडू टाकलेले. मला वाटलं, आता तरी. आणि बाबा तर स्वतः येणार होते. त्यांनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा रजा मागितली, पहिल्या दिवसाची.

पहिल्या दिवशी नाणेफेक आम्ही जिंकली आणि दिवसभर फलंदाजी केली. बाबा उन्हात लाकडी फळीवर बसून राहिले आणि मी आत पॅड न बांधता बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी ते कामावर, आणि त्याच दुपारी मी गोलंदाजी केली. नेहमीचीच, तीन षटकं. ऊन वर आलेलं, चेंडू सरळ. पाळी संपवून ते धावत मैदानावर आले तेव्हा मी पार टोकाला सीमारेषेवर उभा होतो. त्यांनी मला तिथेच बघितलं. तिसऱ्या दिवशीही ते कामावर, आणि मी मैदानावर नुसता उभा. दुपारपर्यंत पाहुण्यांचा पहिला डाव आटोपला आणि आम्ही पुन्हा फलंदाजीला उतरलो.

चौथ्या दिवशी मिलची साप्ताहिक सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या कप्तानानं ठरवलं की डाव इथेच घोषित करायचा, म्हणजे पाहुण्यांचा दुसरा डाव सकाळी पहिल्या चेंडूपासून सुरू. दव, जड हवा, नवा चेंडू, आणि फळीवर बाबा. असा योग पुन्हा येणार नव्हता. मी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, पण त्या संध्याकाळी कप्तानाकडे गेलो. माणूस चांगला होता हो. मोठ्या शहरातला, शिकलेला, मृदू बोलणारा. मी त्याला सगळं सांगितलं, बाबांचं वाक्यसुद्धा. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की उद्या सकाळी तू म्हणशील तोपर्यंत चेंडू तुझ्याच हातात राहील, तू थांब म्हणालास की मगच मी दुसऱ्याला देईन. तो शब्द त्यानं मनापासून दिला होता, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

सकाळी बाबा भिवापूरच्या माझ्या मामाला सोबत घेऊन आले. मला लांबून त्यांची पांढरी टोपी दिसत होती. मी धाव सुरू केली तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. पहिला चेंडू आउटस्विंग, फलंदाजाच्या बॅटची कड चाटता चाटता राहिला. दुसराही तसाच. तिसऱ्यावर तो मागे सरकून चाचपडला. चौथा मी आत आणला, पायावर बसला, आम्ही सगळे ओरडलो, पंच हलला नाही. पण स्लिपमधल्या आमच्या माणसांनी, जे एरवी माझ्या षटकात हात खिशात घालून उभे राहायचे, त्यांनी पाय रुंद केले, गुडघे वाकवले. ते मी बघितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्या चेंडूवर झेल येईल म्हणून उभे होते.

शेवटचा चेंडू फलंदाजानं हळूच मिड-ऑफकडे ढकलला. तिथे आमचा प्रमुख फिरकीवाला उभा होता. त्यानं चेंडू उचलला, शॉर्ट लेगला काहीतरी गमतीचं बोलला, आणि बोलता बोलताच खाली बसून शेजारच्या खेळपट्टीच्या उघड्या मातीवर चेंडू या बाजूनं, त्या बाजूनं, खसाखसा घासला. मग उठून हात झटकले आणि चेंडू जमिनीवरूनच दुसऱ्या टोकाला लोटून दिला.

मी फाइन लेगकडे चाललो होतो. मागे वळून बघितलं तोवर सगळं होऊन गेलं होतं. दुसऱ्या टोकाकडून आमच्या एका फलंदाजानं साधंसं षटक टाकलं, आणि चेंडू माझ्याकडे परत आला तेव्हा त्याची एक बाजू ओरबाडलेली होती आणि दुसरीवर माती बसली होती. शिवणीची धारही मोडलेली. मी तो टाकला. सरळ गेला, आगगाडी रुळावरून जाते तसा, आणि तितक्याच सरळ सीमेपार. पुढचाही. मग माझं डोकं फिरलं. हजारो माणसांसमोर, पाहुण्यांसमोर, मी मिड-ऑफकडे चालत गेलो आणि आमच्या वस्तीतल्या भाषेत त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याला मराठी येत नव्हती तरी सगळं समजलं. पण त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही, याचंच मला आजवर वाईट वाटतं. तो नुसता गोंधळला. हिंदीत म्हणाला, रोजचंच तर केलं, झालं काय?

खरंच, झालं काय होतं? कप्तानानं मला शब्द दिला होता, पण इतरांना सांगायचं राहून गेलं. त्याला वाटलं असेल चेंडू माझ्या हातात दिला म्हणजे झालं. आणि बाकी दहा जणांना कधी काही सांगावंच लागत नसे. नवा चेंडू दिसला की तो मातीत घासायचा, हे त्यांच्या हाताला इतकं बसलं होतं की घास म्हणूनही कुणी सांगत नसे आणि घासू नको म्हणूनही. कप्तान धावत आला. चेंडू हातात घेऊन बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. तो आपल्या पांढऱ्या पँटवर चेंडू घासायला लागला, जोरजोरात, लाल डाग पडेपर्यंत. माझ्यासाठी एखाद्या कप्तानानं पँटवर चेंडू घासलेला मी पहिल्यांदा बघितला. काय उपयोग? म्हणतात ना, बूंद से गयी वो हौद से नहीं आती.

मी अजून एक षटक टाकलं. कप्तानानं मला थांबवलं नाही, त्यानं शब्द पाळला. माझी मीच मान हलवली आणि टोपी घालून चालायला लागलो. त्या घासलेल्या चेंडूवर आमच्या फिरकीवाल्याची बोटं अशी बसली की दुपारच्या चहाच्या आत पाहुणे गुंडाळले गेले. लोक कुंपणावरून उड्या मारून आत आले. त्याला खांद्यावर घेतलं त्यात एक खांदा माझा होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

संध्याकाळी मी घरी गेलो तर अंगणात अर्धी वस्ती जमलेली. मामानं भिवापूरहून आणलेल्या मिरचीचा ठेचा आणि भाकरी सगळ्यांना वाटली जात होती. मला वाटलं होतं बाबा गप्प असतील. ते खाटेवर मधोमध बसून बोलत होते. इतकं बोलताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. लोकांना ते सामना समजावून सांगत होते.

"पाट्याले टाकी लावल्याबिगर मिरची वाटल्या जात नाही," ते म्हणत होते. "पाटा गुळगुळीत झाला का कितीबी चांगली भिवापुरी आणा, घसरतेच. माह्या पोट्ट्यानं सकाळीच टाकी लावून देल्ली, मंग बाकीच्यायनं वाटलं." छिन्नी-हातोडी घेऊन दारोदार फिरणारी टाकीवाली बाई आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होती. लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, मंग तुमचा पोट्टा त्या दुसऱ्यावर काहून चिडून राहिला होता? बाबा हसले. म्हणाले, चिडंन नाही तर काय, ह्याचं काम तो आपल्याच हातानं करून राहिला होता.

सगळे गेल्यावर मला राहवलं नाही. मी म्हणालो, "बाबा, ते माह्यं काम नव्हतं."

"मंग कोणाचं होतं?"

त्यांनी खरंच विचारलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरची किती वर्षांची काळजी उतरली होती, ती मला दिसत होती. पोराच्या हातून काही बिघडत नाही, त्याला कुणी हाकलत नाही, त्याचं काम लवकर संपतं म्हणून तो बाजूला होतो, एवढं त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं होतं. त्यांना काय सांगणार होतो मी? की मला टाकी लावणारा नाही, वाटणारा व्हायचं होतं? मी हातपाय धुवायला उठलो.

पुढच्या संघात मी नव्हतो. निवडणाऱ्यांचा हिशेब सोपा होता. चकाकीच उतरवायची तर ती कुणीही उतरवील, त्यासाठी एक अख्खी जागा कशाला वाया घालवायची? माझ्या जागी एक जादा फलंदाज घेतला आणि नवा चेंडू त्याच्याकडे दिला. तो चार पावलं चालून येऊन हळूच टाकायचा. मी नागपुरात कचेरीच्या टेबलाशी बसलो. विभागाच्या संघाकडून आणखी काही हंगाम खेळलो, खांदा दुखायला लागला, आणि सोडून दिलं. कुणी मला बोलावलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही.

बाबांनी मात्र ऐकणं सोडलं नाही. तोवर आमच्याकडे स्वतःचा रेडिओ आला होता. मला वगळलं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एका कसोटीच्या सकाळी मी दाढी करत होतो आणि ते खाटेवर बसून ऐकत होते. माझ्या जागी आलेला तो फलंदाज पहिलं षटक टाकत होता. दुसरं टाकलं. मग तिसरंही त्यालाच दिलं. बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी आवाज कमी केला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "त्याले जमते का गा, तुह्यावानी?"

मी वस्तरा खाली ठेवला. ज्या कामाचा मी आयुष्यभर राग राग केला, ज्या कामावरून मी चारचौघांत भांडलो, त्या कामात आपला पोरगा देशात सगळ्यांत हुशार, हे त्या माणसानं मनाशी पक्कं करून ठेवलं होतं.

"नाही बाबा," मी म्हणालो. "त्याले लय वेळ लागते."

त्यांनी समाधानानं मान हलवली आणि रेडिओचा आवाज पुन्हा वाढवला.